पायाळूच्या पाठीला पाय कोण लावणार?

मेदनकरवाडी, चाकण
सोमवार, १२ मे

चि. सौ. इंदूस,

आक्काचा आशीर्वाद. घ्यायचा असला तर घे, नसला तर पाकिटातच राहू दे, आशीर्वाद काही नासत नाही.

तू फोन उचलत नाहीस. चुकून उचललास तर रेंज नाही म्हणून ठेवतेस. निगडीच्या प्राधिकरणात रेंज नाही आणि आमच्या गोठ्यात आहे, हे नवलच म्हणायचं. म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलंस की बहिणीचं पत्र तू वाचणारच. लहानपणी भेळ संपली तरी तू कागद टाकायची नाहीस, वाचत बसायचीस, आणि तेवढ्यात मी तुझ्या वाटणीचे शेंगदाणे खायचे.

मी चौथीला शाळा सोडली, तू सातवी झालीस, तेव्हा चुका काढू नकोस. लिहायला बसलं की गुरुजींची छडी आठवते आणि हात आपोआप शुद्ध लिहायला बघतो. तू मात्र माझ्या बोलण्यात वाच.

बातमी अशी की माझ्या नातीने, आपल्या दादासाहेबाच्या संस्कृतीने, आकुर्डीला दवाखाना काढला. स्वतःचा! अक्षय तृतीयेला उघडला. फिजिओथेरपी शिकली ते तुला ठाऊक आहेच, मग बंगळूरला जाऊन हातांनी मणके मोकळे करायचं शिकून आली. त्याला कायरो की काय असं लांबलचक नाव आहे. मी आपलं मणक्यांचा दवाखाना म्हणते, रिक्षावाल्याला तेवढं कळतं. भिंतीला प्लास्टिकचा मणका टांगलाय, मानेपासून पार माकडहाडापर्यंत. मी त्याला हळदकुंकू वाहायला निघाले, तर सून, अनिता, म्हणाली, "आत्याबाई, नका, त्ये शिकवायचं हाय." मी म्हटलं, अगं शिकवायचं आहे म्हणजे सरस्वतीच की मग. वाहिलंच.

येणारं गिऱ्हाईक बघून मला तर हसूच येतं. कंपनीत लायनीवर वाकून वाकून कमरा धरलेले एका बाकावर, आणि आयटी पार्कातली कॉम्प्युटरवाली पोरं दुसऱ्या बाकावर, माना बगळ्यासारख्या पुढे काढून. एक वाकून गेलेला, एक बसून गेलेला. शेजारी शेजारी.

आमच्या म्हाताऱ्यांनी भाषण केलं. "आजीनं जे लाथा मारून केलं, त्ये नात हातानं करनार!" सगळे हसले. ओडिशाचा एक पोरगा हातात पेढा धरून बघतच राहिला. मग संस्कृतीने त्याला हिंदीतून समजावलं, की आजी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे पाठीत उसण भरली, की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात, लाथ मारल्यासारखं करतात, आणि मग त्याच पायाला नमस्कार करून जायचं, अशी रीत आहे. अर्ध्या चाकणच्या पाठीवर आजीचा पाय आहे. तो पोरगा माझ्या पायाकडे असा बघायला लागला की मी पाय लुगड्यात ओढून घेतले.

तुझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची धरली होती. नंतर तिच्यावर पेढ्यांचा खोका ठेवला, म्हणून बरं, रिकामी दिसली नाही.

मी ठणठणीत आहे. माझ्या पाठीबद्दल कोणी काही सांगितलं तर खरं धरू नकोस. अक्षर वाकडं आलंय ते पेनामुळे.

तुझी आक्का


बुधवार, ४ जून

इंदूस,

तुझ्या कुलदीपने आमच्या दादासाहेबाला शिफ्ट सुटताना गेटवर गाठून विचारलं म्हणे, "मावशीच्या पाठीला काय झालंय?" त्याला कोणी सांगितलं? मी फक्त तुला लिहिलं होतं, आणि तेही काही झालं नाही असं. म्हणजे वाचलंस! मी दादासाहेबाला ते दोनदा सांगायला लावलं, मग अनिताला सांगितलं, मग जाऊन म्हशीला सांगितलं.

तर आता खरं लिहिते. मागचं पत्र मी पालथी झोपून लिहिलं होतं.

दवाखाना उघडला त्याच आठवड्यात आम्ही कुरडया घालत होतो. चिकाचं पातेलं उचलायला वाकले आणि कमरेत अशी चमक निघाली की वाकलेली ती वाकलेलीच. पातेलं ठेवता येईना, वर होता येईना. अनिता धावली. आधी चीक वाचवला, मग मला. बरोबरच केलं तिने, चीक फार सुरेख झाला होता.

गावभर झालं. पायाळूलाच उसण भरली! आजवर ज्याच्या त्याच्या पाठीला मी पाय लावला, पण पायाळूच्या पाठीला पाय कोण लावणार? आमचे म्हातारे ओट्यावरून म्हणतात, "मी काय पायाळू न्हाई, पर हौस लई वर्सांची हाय. बगू का मारून?" मी वाकल्या जागेवरून चप्पल फेकली. नेम चुकला. पाठ धड असती तर चुकला नसता.

मग पायाळू शोधायला माणसं धाडली. नाणेकरवाडी झाली, खराबवाडी झाली. एक म्हातारा सापडला, तर त्याचेच गुडघे गेलेले, पाय उचलणार कसा? आणि नवे पायाळू आता होतच नाहीत गं! मूल पायाकडून आहे असं दिसलं की डॉक्टर पोट कापून काढतात. बाळ-बाळंतीण सुखरूप राहतात, हे चांगलंच झालं. माझ्या वेळी आपल्या आईने काय भोगलं ते तीच जाणे, वर पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून वीज चमकली की मला पोत्याखाली झाकून बसायची. पण पायाळू संपले ते संपलेच.

तेव्हा अनिता हळूच म्हणाली, "आत्याबाई, संस्कृती पायाळूच व्हती की. सोनोग्राफीत पाय खाली दिसले म्हणून तर माझं सिझर केलं."

झालं! ओट्यावर पंचायत बसली. पाय खाली होते खरे, पण त्या वाटेने आलीच नाही, मग धरायची का पायाळू? आमचे म्हातारे म्हणाले, "गाडी पुन्याला निघाली आन् मधीच उतरवली, तर मानूस पुन्याला ग्येला म्हनायचं का?" शेजारची जयमाला म्हणाली, "पर त्वांड तर पुन्याकडंच व्हतं न्हवं?" शेवटी ठरलं, अर्धी पायाळू. अर्धी तर अर्धी. मी म्हटलं बोलवा, मारू दे लाथ.

ती आली, आणि लाथ राहिली बाजूला, मलाच प्रश्न विचारत बसली. पडली होतीस का, पायाला मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का, ताप येतो का. मग एक्स-रे. मोबाईलवर दाखवतात तसं कुठेतरी धरून कट्‌कन वाजवेल आणि मी उडी मारून उठेन, असं माझ्या मनात. मी म्हटलं, "वाजव की!" तर म्हणते, "आजी, तुझी हाडं आता खारीसारखी झालीत. झटका द्यायचा नाही. मी हलक्या हाताने करीन, बाकीचं तुझं तूच करायचं."

खारी! ह्या हाताने मी तिला भरवलं, आणि मला खारी म्हणते.

पण हात काय आहे गं पोरीचा. भाकरी थापताना पीठ कुठे जाड राहिलं ते आपल्या बोटांना न बघता कळतं ना, तशी तिच्या बोटांना पाठ कळते. आणि बाकीचं म्हणजे काय, तर उताणं पडून गुडघे दुमडायचे आणि कंबर उचलायची. हाताचा टेकू न घेता खुर्चीवरून उठायचं. दाराची चौकट धरून एका पायावर उभं राहायचं, बगळ्यासारखं. आणि चालायचं. पडून राहायचं नाही, दुखलं तरी थोडं थोडं हलायचं. पहिले काही दिवस मी तिला मनातल्या मनात फार शिव्या दिल्या. आता सकाळी कंपनीच्या कंपाउंडपर्यंत जाऊन येते. तिथला वॉचमन मला सलाम ठोकतो. मीही ठोकते.

माझी लाथ मात्र तिने बंद केली. म्हणाली, "आजी, एखाद्याच्या मणक्यात काही मोडलेलं असलं आणि तू पाय दिलास, मग?" मला आधी राग आला. मग रात्रभर तोच विचार केला आणि पटलं. आता कोणी पहाटे दारात आलं तर चहा पाजते आणि आकुर्डीला धाडते.

लाथेवरून आठवलं. आठवलं कशाला म्हणू, विसरले कुठे? तुमच्या निगडीच्या फ्लॅटची वास्तुशांत. उद्धवराव गॅसची टाकी सरकवताना अडकले, आणि तूच आतून ओरडलीस, "आक्का, ह्यांना पाय लाव!" मी लावला. तुझा नवरा उठला आणि त्याच पंगतीत श्रीखंड वाढत फिरला. पण तेवढ्यात कोणीतरी व्हिडिओ काढला होता, लोक हसायला लागले, आणि ते माझ्या पायाला हात न लावताच आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ त्यांच्या कंपनीच्या ग्रुपवर, मेहुणीने साहेबांना लाथ मारली म्हणून. ते चिडले. त्यांच्यामागून तू चिडलीस. त्यालाही आता सहा वर्षं होतील. माझं त्यात काय चुकलं ते मला कळलं नाही, आणि आता कळून घ्यायचंही नाही. मला बहीण पाहिजे.

आक्का


सोमवार, ३० जून

इंदू गं,

तुझं पत्र आलं! पोस्टमन शेजारच्या कंपनीत टाकून गेला होता, सलामवाल्या वॉचमनने आणून दिलं. चारच ओळी, पण अक्षर अजून तसंच, मोत्यासारखं. "आक्का, तू चालतेस हे वाचून बरं वाटलं. माझं चालणं संपलं. मी पडूनच असते. लाथ मारायला येऊ नकोस."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नाचले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ओट्यावर बसले.

चालणं संपलं म्हणजे काय? तुझं? ओढ्यावरून उडी मारताना मी काठावर रडत उभी राहायचे आणि तू पलीकडून जीभ दाखवायचीस. तुझं चालणं संपायला ते काय दूध आहे, की पातेलं उपडं केलं आणि झालं?

आता ऐक. उद्धवराव मागच्या आठवड्यात दवाखान्यात येऊन गेले. तुला माहीत नाही, हे मला माहीत आहे. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, जसा काही माणूस चोरून दारू प्यायला आलाय. संस्कृतीने "या आजोबा" म्हटल्याबरोबर मास्क खाली केला आणि पिशवीतून तुझे एक्स-रेचे सगळे फोटो आणि रिपोर्ट काढून टेबलावर मांडले. म्हणाले, डॉक्टरांनी गेल्या वर्षी थोडे दिवस विश्रांती सांगितली, वाकू नका म्हणाले. इंदूने ते कायमचं धरलं. आणि मग म्हणाले, "मीच तिला कपसुद्धा उचलू देत नाही. भीती वाटते." इंदू, त्या माणसावर मी सहा वर्षं दातओठ खाल्ले, आणि हे ऐकलं तेव्हा मला त्याला जेवायला वाढावंसं वाटलं.

संस्कृती म्हणते, नुसते फोटो बघून सांगता येत नाही, तपासावं लागेल. बरं होण्यासारखं असेल तर खूप करता येईल, आणि नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे मीच घेऊन जाईन. गुरुवारी ती तुझ्या घरी येते आहे. दार उघड.

एक गोष्ट मी तुला मागच्या पत्रात लिहिली नव्हती. मी पडून होते ना, तेव्हा मलाही वाटायचं, आता हलले की मोडेन. मोरीत जायचं म्हटलं की घाम फुटायचा. तोंडावर पदर घेऊन रडायचे आणि बाहेर कोणी विचारलं तर म्हणायचे, कांदा चिरते. अनिता एकदा म्हणाली, "आत्याबाई, आज भाजी तर दोडक्याची हाय." मोडले नाही गं. दुखलं, पण मोडले नाही.

मी येत नाही. तू बोलावल्याशिवाय तुझा उंबरा ओलांडायचा नाही असं मी तेव्हा ठरवलं होतं आणि मी हट्टी आहे, तुझ्यापेक्षा थोडी कमी. पण पोरीला घरात घे. ती अर्धीच पायाळू आहे, आणि लाथ अजिबात मारत नाही.

आक्का


रविवार, २० जुलै

इंदू,

संस्कृती एक अक्षर सांगत नाही. तू तिची पेशंट झालीस ना, आता पेशंटचं घरी बोलायचं नसतं म्हणे. मी म्हटलं, पेशंट माझी बहीण आहे. तर म्हणते, "मग बहिणीला विचार."

पण तिला कुठे माहीत आहे, की उद्धवराव रोज संध्याकाळी आमच्या म्हाताऱ्यांना फोन करतात! दोघं तुझ्या चालण्याचं असं बोलतात जसं रेडिओवर क्रिकेट. आमचे म्हातारे फोन कानाला लावून ओट्यावरून ओरडतात, "खुर्चीवर बसली!" आम्ही घरात टाळ्या वाजवतो. "स्वतः चा केला!" पुन्हा टाळ्या. परवा ओरडले, "जिना उतारली, खाली बागंत ग्येली!" आणि जयमाला शेजारून पळत आली, कोणाची म्हैस सुटली म्हणून.

तर मंगळवारी, २९ ला, पंचमी. तू येणार. मी विचारत नाही, कळवते. आपल्या झोक्याच्या लिंबाच्या जागी आता गोडाऊन आहे, पण दादासाहेबाने पार्किंगच्या शेडला, लोखंडी तुळईला, झोका बांधलाय. कंटेनर टांगला तरी पडणार नाही, आपण दोघी म्हणजे काय! सकाळी लवकर निघा, नाही तर चाकणच्या चौकात गाड्यांमध्ये पंचमी निघून जाईल. मधे एकदा उतरून पाय मोकळे करा, हे मी नाही, संस्कृती सांगते.

तुझी अट उद्धवरावांच्या फोनवरून कळली. वास्तुशांतीचा विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही, आणि कोणाच्याच पाठीला पाय लावायचा नाही. मान्य. शपथ पाहिजे तर म्हशीची घेते.

आता माझी अट. फुगडी. मी संस्कृतीला विचारलं. ती म्हणाली, "उभ्याने, हळू, गरागरा नाही. आणि मागे रेलायचं नाही." मागे रेलायचं नाही तर ती फुगडी कसली, दोन बायकांनी हात धरून भाजीबाजारात फिरावं तसं ते. पण तेवढं तर तेवढं. तुला भीती वाटत असेल हात सुटला तर काय. तूच सांग, माझा हात कधी सुटला होता?

आक्का


गुरुवार, ३१ जुलै

माझे इंदू,

काल गेलीस आणि आज पत्र. म्हणशील म्हातारीला उद्योग नाही. पण एक गोष्ट तोंडाने सांगायची नाही, अशी उद्धवरावांनी मला शपथ घातली आहे. लिहायची नाही, असं ते म्हणाले नाहीत.

फुगडीचं काय लिहू, तू होतीसच. गाडीतून उतरलीस तेव्हा दार धरून उभी होतीस, आणि मग दार सोडलंस. मी धावत यायचं ठरवलं होतं, पण पाय हललेच नाहीत. तूच चालत माझ्यापर्यंत आलीस. ते मी परवापासून डोळे मिटून मिटून बघते. आणि बजावून ठेवलं होतं ना पोरीने, रेलायचं नाही म्हणून? आधी कोण रेललं? मी नाही. हाताला ओढ लागली तेव्हा मला कळलं, की ही इंदू आता घाबरत नाही, आणि मग मी पण रेलले, थोडीशी, खारीला झेपेल एवढी. संस्कृतीने डोळे वटारले, पण टाळ्या थांबवल्या नाहीत.

नंतर तू स्वयंपाकघरात अनिताबरोबर दिंडं उकडत होतीस. उभी राहून. तेव्हा उद्धवराव मागच्या दाराने आले. "आक्का, जरा इकडे येता?" मी गेले. गोठ्यामागे उभे राहिले आणि चाकणच्या चौकात रस्ता ओलांडताना बघतात तसं आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे. मोबाईल कोणाच्या हातात नाही अशी खात्री केली. मग भिंतीला हात टेकून वाकले आणि पाठ माझ्याकडे केली.

मी म्हटलं, "अगं बाई, उसण भरली का? थांबा, पोरीला बोलावते."

"नको, नको. काही दुखत नाही."

"मग?"

"त्या दिवशी तुम्ही पाय लावलात, मी बरा झालो, आणि तुमच्या पायाला हात न लावता निघून गेलो. लोक हसत होते. राहिलंच ते." मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "आक्का, मला सारखं वाटतं, ती उसण इंदूच्या पाठीत गेली."

कंपनीतून साहेब म्हणून रिटायर झालेला माणूस, इंदू. आणि हे मनात घेऊन वर्षभर तुझ्या उशाशी बसला.

मी म्हटलं, "असं काही नसतं हो. संस्कृतीला विचारा."

"मलाही माहीत आहे असं नसतं. तरी लावा."

तुला दिलेली शपथ मोडली, हे आता तुला कळलंच. म्हशीसमोरच मोडली, ती काही बोलली नाही. मी पाय उचलला. भिंत धरली नाही, की त्यांचा खांदा धरला नाही. कुरडयांच्या दिवसांत मला उंबरा ओलांडवत नव्हता, आणि हा पाय गेला ना वर, तुझ्या नवऱ्याच्या कमरेपर्यंत! नुसता अंगठा टेकवला, फुलपाखरू टेकावं तसा. खाली घेतला. मग ते वळले, वाकले आणि माझ्या त्याच पायाला हात लावून नमस्कार केला, चांगला डोकं टेकवून.

आणि उठताना त्यांचा गुडघा असा कट्‌कन वाजला, इंदू! दवाखाना उघडल्यापासून मी ज्या आवाजाची वाट बघत होते, तो अखेर ऐकायला मिळाला. आम्ही दोघं इतके हसलो की तू आतून ओरडलीस, "काय झालं गं बाहेर?" आठवतंय? तेव्हा मी म्हटलं होतं, म्हशीने शिंग मारलं. खोटं होतं ते.

आता त्यांना काही दाखवू नकोस. फक्त आज चहाचा कप त्यांना तू नेऊन दे, आणि रिकामा झाला की उचलूनही तूच आण. ते बघत राहतील. बघू दे.

आणि त्या गुडघ्याला आकुर्डीला घेऊन जा. चालत.

वाचून झालं की फोन कर. मी गोठ्यातच बसते, तिथे रेंज चांगली आहे.

तुझी आक्का